रुग्णालयातील सासुरवास

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रोगी येतो, आणि ते योग्यच आहे. रुग्णालय त्याच्यासाठीच असते. पण रोगी तेथे आठ-पंधरा दिवस राहतो आणि घरी जातो. वर्षानुवर्षे तेथे नांदतात ती माणसे निराळी. मॅट्रन, सिस्टर, स्टाफ नर्स, शिकाऊ परिचारिका, मोठे सर्जन, त्यांच्या मागून फिरणारे निवासी डॉक्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार. ह्या सर्वांचे मिळून एक गावच असते. गावाला वेस असते, वेशीच्या आत आळ्या असतात, कोणी कोणाच्या ओट्यावर बसावयाचे ह्याचे न लिहिलेले नियम असतात. त्या गावात नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा चारचौघांहून निराळे बोलणाऱ्या माणसाचा जो जाच होतो, तो का होतो, आणि दुसऱ्याचे दुःख हलके करण्याचे व्रत घेतलेल्या माणसांकडूनच का होतो, एवढाच आजचा विषय आहे.

जाच कशाला म्हणावयाचे हे आधी ठरवून घेऊ. टेबलावर रोग्याचा रक्तस्राव थांबत नसताना सर्जन परिचारिकेवर ओरडला, तर तो जाच नव्हे. ते वाईट असेल, पण ते त्या क्षणापुरते असते. जाच म्हणजे पुन्हापुन्हा होणारी, उलट उत्तर देण्याची सोय नसलेली, आणि माणसाच्या पायाखालची जागा हळूहळू अरुंद करीत नेणारी वागणूक. तिची रूपे बहुधा इतकी क्षुल्लक दिसतात की तक्रार करणाराच हास्यास्पद ठरतो. ड्यूटीच्या तक्त्यात एकाच मुलीच्या वाट्याला रात्रपाळ्या येतात. पाळी बदलताना अमक्या रोग्याला सकाळी काय झाले हे तिला कोणी सांगत नाही, आणि मग तिला ते ठाऊक नव्हते म्हणून तीच बोलणी खाते. ती खोलीत शिरली की चाललेले बोलणे थांबते. चहाला सगळ्या जातात आणि तिला वॉर्ड सांभाळावयास ठेवतात. तिची चूक राउंडच्या वेळी, रोगी ऐकत असताना, मोठ्याने वाचली जाते. ह्यांतले कोणतेही एक घेऊन वरिष्ठांकडे जा. ते म्हणतील, 'अहो, एवढे काय मनावर घेता?'

इंग्रजीत ह्याला जो शब्द आहे तो शाळेच्या मैदानावरून आला आहे. आपल्या भाषेत ह्याहून नेमका शब्द फार दिवसांपासून आहे: सासुरवास. सासुरवासात मार असतोच असे नाही. टोमणा असतो, कमी वाढलेले ताट असते, अबोला असतो. आणि त्याचे सर्वांत विलक्षण लक्षण असे की जी छळते ती स्वतः कधीतरी छळली गेलेली असते.

हान्स लायमान नव्हे, हाइन्ट्स लायमान (नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे) ह्या मूळच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये कामाच्या ठिकाणच्या अशा छळाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याने वापरलेला शब्द पक्षिजीवनाच्या अभ्यासातून फिरत फिरत आलेला होता. दिवसाउजेडी घुबड बाहेर पडले म्हणजे कावळ्यांचा थवा त्याच्यावर कसा तुटून पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकटा कावळा घुबडाच्या वाटेला जात नाही, पण थवा जातो. लायमानला कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि रुग्णालयांतही हेच दिसले. त्याचे कार्य वाया गेले नाही; १९९३ साली स्वीडनने कामावरील छळाविरुद्ध स्वतंत्र नियम केले.

आता कोणी म्हणेल, की ह्यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? काही माणसे स्वभावानेच खाष्ट असतात. त्यांना दूर करा म्हणजे झाले. खाष्ट माणसे असतात हे मी नाकारीत नाही. पण ते उत्तर अपुरे आहे. खाष्ट सिस्टर निवृत्त होते, तिच्या जागी कालपर्यंत तिच्याविरुद्ध कुरकुरणारी दुसरी येते, आणि सहा महिन्यांत वॉर्डात पहिले पाढे पंचावन्न सुरू होतात. तेव्हा दोष माणसाइतकाच जागेतही शोधला पाहिजे.

ह्या शोधाची सुरुवात करावी ती इझाबेल मेंझिस ह्या विदुषीच्या निबंधापासून. लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांच्या व्यवस्थेचा तिने अभ्यास केला व तो १९६० साली प्रसिद्ध केला. तिला बोलावले होते ते एका व्यावहारिक अडचणीसाठी. शिकाऊ मुलींना कोठे, किती दिवस कामाला लावावयाचे ह्याची घडी बसत नव्हती, आणि जवळजवळ एक-तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून निघून जात होत्या. मेंझिसने पाहिले की ह्या कामाच्या तळाशी एक प्रचंड भय आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला परक्या माणसाचे उघडे शरीर, मलमूत्र, वेदना, मृत्यू ह्यांच्याशी रोज व्यवहार करावा लागतो. कणव येते तशी किळसही येते, आणि आपल्या हातून कोणी मरेल ही धास्ती कधीच सुटत नाही. ह्या भयाविषयी बोलण्याची जागा नव्हती. म्हणून साऱ्या व्यवस्थेनेच ते झाकण्याच्या युक्त्या बसवल्या होत्या. एक मुलगी एका रोग्याची सारी शुश्रूषा करीत नसे. तिला कामांची यादी मिळे, आणि ती तीस रोग्यांचे एकेक काम उरकी. रोगी नावाने ओळखला जात नसे, खाटेच्या क्रमांकाने किंवा आजारी अवयवाने ओळखला जाई. आपल्याकडे 'चौदा नंबरचा हर्निया' म्हणतात, तेच. गणवेषामुळे एक परिचारिका दुसरीच्या जागी सहज उभी करता येई. साध्या गोष्टीचा निर्णयही वरच्याकडे सोपवला जाई.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे खरे मोलाचे निरीक्षण पुढचे आहे. तिने ज्या ज्या परिचारिकेला विचारले तिने तिने सांगितले की आपल्या खालच्या मुली बेजबाबदार आहेत आणि आपल्या वरच्या बायका फार कडक आहेत. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर हेच! म्हणजे प्रत्येकीने आपल्या मनातला बेफिकीरपणा खालच्यांच्या माथी मारला होता आणि आपल्या मनातला निष्ठुर न्यायाधीश वरच्यांत नेऊन बसवला होता. मग खालच्यांना दरडावणे हे क्रौर्य वाटत नाही, कर्तव्य वाटते. मला स्वतःला सासुरवासाची इतकी नेमकी उपपत्ती दुसरीकडे वाचल्याचे आठवत नाही, आणि मेंझिसला आपल्या घरांची काही माहिती असण्याचे कारण नव्हते.

हे झाले वरच्या-खालच्याचे. आता 'आपले' आणि 'परके' ह्या भेदाकडे वळू, कारण जाच करणारा क्वचितच एकटा असतो. हेन्री ताज्फेल हा पोलंडमध्ये १९१९ साली जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून जगला; घरी परतला तेव्हा आप्तांपैकी जवळजवळ कोणीच उरले नव्हते. माणसे गट करून इतकी अमानुष का होतात, हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता. पुढे इंग्लंडात ब्रिस्टल येथे प्राध्यापक असताना त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले व ते १९७० साली प्रसिद्ध केले. एका प्रयोगात ४८ मुले होती. त्यांना क्ले आणि कांडिन्स्की ह्या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली, कोणते आवडले ते विचारले, आणि 'तू क्लेच्या गटातला', 'तू कांडिन्स्कीच्या' असे सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच केली होती. आपल्या गटात दुसरे कोण आहे हेही मुलांना कळू दिले नव्हते. मग प्रत्येकाला इतर दोन मुलांत गुण वाटावयास दिले. गुणांचे पुढे पैसे मिळणार होते, स्वतःला मात्र काही देता येत नव्हते.

पर्याय कसे होते ते पाहा. एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला १९ आणि दुसऱ्या गटातल्याला २५. मध्ये दोघांना १३. दुसऱ्या टोकाला आपल्याला ७ आणि दुसऱ्याला १. आपल्या माणसाचे भले व्हावे असे वाटत असेल तर १९ घ्यावेत, हे उघड आहे. पण मुलांचा कल दुसऱ्या बाजूला झुकला. सारीच काही टोकाला गेली नाहीत. न्यायबुद्धी त्यांना आवरत होती. तरी आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्याहून अधिक मिळाले पाहिजे, ही ओढ स्पष्ट दिसली. तासाभरापूर्वी अस्तित्वातही नसलेल्या गटासाठी हे! ताज्फेल आणि त्याचे सहकारी ह्यांनी ह्यातून जी उपपत्ती मांडली तिचे सार असे: माणूस 'मी कोण' ह्याचे उत्तर पुष्कळसे 'आम्ही कोण' ह्यातून मिळवतो, आणि 'आम्ही' मोठे ठरावे म्हणून 'ते' लहान ठरावे लागतात.

आता हे रुग्णालयाला लावून पाहा. तेथे गट एका चित्रावरून पडत नाहीत. गणवेषाचा रंग, पट्टा, नोंदणी, युनिट, बॅच, दिवसपाळी-रात्रपाळी, कायम-कंत्राटी, ह्या साऱ्या रेघा रोज अंगावर वागवाव्या लागतात. आणि ही गटभावना सोडून द्या असे सांगणेही शहाणपणाचे नाही. मध्यरात्री अपघाताचे सहा रोगी एकदम आले म्हणजे जी चार माणसे न बोलता एकमेकांचे हात ओळखतात, ती ह्याच भावनेच्या बळावर. जिच्यामुळे हे काम झेपते तिच्यामुळेच जाचही होतो, ही खरी अडचण आहे.

बाहेरून हेटाळल्या गेलेल्या गटाची गोष्ट आणखी बिकट असते. सूझन रॉबर्ट्‌स ह्या अमेरिकन परिचारिका-अध्यापिकेने १९८३ साली असे मांडले की परिचारिकांचा आपसांतला दंश हा पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिलेल्या वर्गाचा दंश आहे. वर डॉक्टर आणि व्यवस्थापक ह्यांच्यापुढे बोलता येत नाही, म्हणून राग आडवा वाहतो, शेजारणीकडे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पुढे आणले तेव्हा भल्याभल्यांनी नाके मुरडली होती, हे पुणेकरांना ठाऊक आहे. ज्या कामाला बाहेर मान नाही, त्यात आतला मान फार जपावा लागतो. तीन वर्षांनंतर १९८६ साली ज्युडिथ माइस्नर हिने अमेरिकेतल्या परिचारिकांच्याच एका मासिकात, आपण आपलीच पिले खात आहोत काय, असा सवाल केला आणि तो आजही विसरला गेलेला नाही.

एका जागी हे सारे एकत्र आले. इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्ड नावाचे गाव आहे. तेथील रुग्णालयात २००५ ते २००९ ह्या काळात रोग्यांचे अतोनात हाल झाले. माणसे घाणीत पडून राहत, घंटा वाजवून कोणी येत नसे, अपघात विभागात आलेल्या रोग्याची पहिली पारख कधी कधी स्वागतकक्षातली कारकून मंडळी करीत. रॉबर्ट फ्रान्सिस ह्या कायदेपंडितांनी दोनदा चौकशी केली. दुसरा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला आणि त्यात २९० शिफारशी होत्या. कारणे पुष्कळ होती. संस्थेला पैसे वाचवून वरचा दर्जा मिळवावयाचा होता, म्हणून माणसे कमी केली होती. शिवाय अपघात विभागात आलेल्या रोग्याची चार तासांच्या आत व्यवस्था लागली पाहिजे असा सरकारी दंडक होता. तो पाळणे अशक्य झाले तेव्हा कागदावर पाळला जाऊ लागला. वेळा खोट्या लिहावयाच्या, आणि खालच्या परिचारिकांनी लिहावयाच्या.

हेलिन डोनेली ह्या तेथील परिचारिकेने २००७ साली ह्याविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढे जे झाले ते आपल्या विषयाचे मर्म आहे. सहकारी बाईंनी तिला सांगितले नाही की तू खोटे बोलतेस. सांगितले ते असे, की तू बोलावयास नको होतेस. धमक्या आल्या. रात्रीची पाळी संपल्यावर अंधारात गाडीपर्यंत एकटीने चालत जाण्याची तिला भीती वाटू लागली, आणि आई, वडील किंवा नवरा ह्यांपैकी कोणीतरी तिला न्यावयास येई, असे तिने चौकशीत सांगितले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या दोन सिस्टरांची नावे पुढे २०१३ साली परिचारिकांच्या नोंदणीतून काढली गेली. पण तोवर डोनेली ते रुग्णालय सोडून गेली होती. वाळीत टाकणे म्हणतात ते हेच. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, तो जातपंचायतींचा जुलूम डोळ्यांपुढे ठेवून. वॉर्डातल्या पंचायतीला कागदी ठरावाची गरज लागत नाही.

आपल्याकडे निवासी डॉक्टरांच्या जगात ही गोष्ट आणखी एका रेघेने गुंतागुंतीची होते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हा युनिटातला सर्वांत धाकटा. रक्ताचे नमुने पोचवणे, अहवाल मिळवणे, कागद लिहिणे, झोप सोडणे हे सारे त्याचे. 'आम्ही सोसले, तुम्हीही सोसा' हा तेथला न्याय. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ सालचा आहे, तरी हा न्याय मोडला नाही, कारण त्याला कोणी रॅगिंग समजत नाही, शिक्षणच समजतात. मे २०१९ मध्ये मुंबईच्या महापालिकेच्या एका रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी ह्यांनी आत्महत्या केली. त्या जळगावकडच्या, आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून हिणवून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला, पोलिसांनी त्याच वर्षी आरोपपत्र दाखल केले. आरोपींनी आरोप नाकारले. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, व्याख्यात्याचे नव्हे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की ताज्फेलच्या मुलांमधली रेघ एका दुपारची होती. राखीव जागेवर आलेल्या मुलीभोवती जी रेघ ओढली जाते ती शेकडो वर्षांची आहे, आणि धाकटेपणाच्या रेघेवर ती बेमालूम बसते. मग 'ज्युनियर म्हणून बोललो' असे म्हणून मोकळे होता येते.

ह्यावर काही मोठे डॉक्टर म्हणतात, की थोडी कडक शिस्त लागतेच. नाजूकपणाने रोगी वाचत नाहीत. ह्याची परीक्षा झालेली आहे. इस्राएलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतील डॉक्टर-परिचारिकांच्या २४ तुकड्यांवर एक प्रयोग झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक तुकडीपुढे एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कृत्रिम पण हुबेहूब केस ठेवली. बाळाच्या आतड्याला विकार झालेला, प्रकृती झपाट्याने ढासळणारी. परदेशी तज्ज्ञ पाहत आहेत असे सांगितले होते. काही तुकड्यांना त्या तज्ज्ञाचे साधे बोलणे ऐकवले. उरलेल्यांना, तुमच्या देशातल्या वैद्यकाविषयी माझे मत चांगले नाही, अशा अर्थाचे बोलणे ऐकवले. शिवी नाही, दमदाटी नाही, फक्त तुच्छता. मग निष्पक्ष परीक्षकांनी गुण दिले. निदानात साध्या तुकड्यांना सरासरी ३.२, तुच्छता ऐकलेल्यांना २.६, प्रत्यक्ष उपचारांत ३.३ आणि २.८. कारणही सापडले. अपमान झालेली माणसे एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली होती आणि मदत मागेनाशी झाली होती. एका अनोळखी माणसाच्या दोन वाक्यांनी जर हे होते, तर वर्षभर अबोला सोसणारी परिचारिका, औषधाच्या मात्रेविषयी शंका आली असता, ती कोणाला विचारील?

तक्रारपेटीने हे मिटेल अशी पुष्कळांची श्रद्धा असते. इंग्लंडच्या ईशान्य भागातील रुग्णालय-संस्थांत २,९५० कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. शेकडा २० जणांनी आपला कमीअधिक छळ झाल्याचे सांगितले, शेकडा ४३ जणांनी मागच्या सहा महिन्यांत दुसऱ्याचा होताना पाहिला होता. छळाच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी रीतसर तक्रार झाली होती ती शेकडा तीन ते चौदाच्या आत. काही बदलणार नाही, आपण भांडखोर ठरू, आणि छळणारा वरिष्ठ आहे, ही कारणे लोकांनी दिली. तिन्ही कारणे अगदी शहाणपणाची आहेत. पेटी ठेवावी, समितीही असावी. पण तक्रार करणे म्हणजे गटातून उठून जाणे असे जोवर आहे, तोवर पेटी रिकामीच राहील.

मला अधिक आशा वाटते ती गटाची वेसच हलवण्याच्या प्रयत्नांची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची एक तपासयादी दिली. जगातल्या आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, दिल्लीचे एक त्यांत होते, ती आधी व नंतर अशी पडताळून पाहिली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर. ह्याचे श्रेय एका कलमाला देता येणार नाही. प्रतिजैवक वेळेवर देण्यासारखी सरळ कारणेही त्यात आहेत. पण त्यातले एक कलम मला फार मार्मिक वाटते. त्वचेवर सुरी टेकवण्यापूर्वी खोलीतल्या तुकडीतील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगावयाचे. सर्जनने, भूलतज्ज्ञाने, कालच आलेल्या परिचारिकेनेही. अर्ध्या मिनिटापुरती का होईना, रेघ पट्ट्यांवरून उठते आणि टेबलाभोवती पडते. आणि एकदा मोठ्याने बोललेल्या माणसाला, काही चुकते आहे असे दिसल्यावर, दुसऱ्यांदा बोलणे सोपे जाते.

अर्थात ही यादी घाईच्या जागी न बोलताच भरली जाते, खुणा आदल्या संध्याकाळीही होतात, हे त्या क्षेत्रातले लोक जाणतात. आणि आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत आणखी एक माणूस असतो. रक्त पुसणारी, बादल्या उचलणारी बाई. तिला सारे 'मावशी' म्हणतात, तिच्या जोडीच्या पुरुषाला 'मामा'. नात्याने दोघे सर्वांच्या जवळचे. त्यांचे आडनाव मात्र वीस वर्षे बरोबर काम केलेल्यांनाही सहसा सांगता येत नाही, आणि नावे सांगण्याची वेळ येते तेव्हा ती दोघे दाराबाहेर असतात.